डीप पर्पलचा ‘=1’: नवा गिटारवादक, नवा अल्बम. सांगली-मिरजेच्या चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जून 2024 मध्ये लिहिलं आहे. अल्बम यायला अजून महिनाभर आहे, तोवर विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडबद्दलचे आहेत, काही पार्सल, सुई आणि पावसाळ्याबद्दलचे. आमच्या दृष्टीने दोन्ही तेवढेच महत्त्वाचे, कारण चांगला अल्बम वाईट ऐकला की दोष गिटारवाल्याच्या माथी जातो.

अल्बम नक्की कधी येतोय? रात्री जागायचं का?

शुक्रवार, 19 जुलै 2024. आषाढी एकादशी बुधवारी 17 ला आहे, म्हणजे तिथून दोनच दिवस. जुलै 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच येतात आणि गाणी ऐकवणारी ॲप्स साधारणपणे त्या त्या देशात मध्यरात्र झाली की अल्बम उघडतात. त्यामुळे आपल्याकडे गुरुवारी रात्री बाराचा ठोका पडला की शोधायला हरकत नाही. बाराला दिसला नाही तर घाबरू नका. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, बँडच्या पानावर जाऊन अल्बमांची यादी खाली ओढून ताजी करा. बहुतेक वेळा ॲपने जुनं पान धरून ठेवलेलं असतं.

नाव टाकून शोधतोय, पण काहीच सापडत नाही.

नावच तसं आहे. बरोबरचं चिन्ह आणि एक. उच्चार ‘इक्वल्स वन’. बहुतेक ठिकाणची शोधपेटी बरोबरचं चिन्ह गाळून टाकते, मग उरतो नुसता एक, आणि एकाच्या नावाने हजार गोष्टी निघतात. बँडचं नाव टाका, कलाकाराच्या पानावर जा आणि तिथून सगळ्यात नवा अल्बम उघडा. विकत घेतलेल्या फायली संगणकावर ठेवताना फोल्डरच्या नावात ‘इक्वल्स वन 2024’ असं अक्षरी लिहा. तसं केलं की यादीत तो पुढे कधीही सापडेल.

नावाचा अर्थ बँडने सांगितला आहे: जग कितीही गुंतागुंतीचं झालं तरी शेवटी सगळं सुटून एकावर येतं.

ॲपवर 2024 लिहिलेला ‘मशीन हेड’ दिसतोय. हाच का नवा?

नाही. तो 1972 चाच अल्बम. त्याची वाढीव आवृत्ती यंदा मार्चमध्ये आली, त्यात ड्वीझिल झप्पाने केलेलं नवं मिक्स आहे. ज्या फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळाला, त्याचा हा मुलगा. त्या आगीमुळेच बँडला रेकॉर्डिंगसाठी दुसरी जागा शोधावी लागली होती. आवृत्ती जरूर ऐका, पण त्यात नव्या गिटारवादकाचा एकही सूर नाही.

कोण गेलं, कोण आलं?

स्टीव्ह मोर्स गेला, सायमन मॅकब्राइड आला. मोर्स 1994 पासून बँडमध्ये होता. पत्नीच्या कॅन्सरच्या आजारपणामुळे 2022 च्या वसंतात तो आधी रजेवर गेला आणि त्याच वर्षी त्याने कायमचा निरोप घेतला. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. त्याच्या जागी आधी बदली म्हणून आणि मग कायमचा आला तो बेलफास्टचा मॅकब्राइड. तो बँडला परका नव्हता. इयन गिलनच्या आणि डॉन एअरीच्या स्वतंत्र कार्यक्रमांत त्याने आधीच गिटार वाजवली होती.

बाकीचे चौघे तेच: गायक इयन गिलन, बासवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयन पेस, ऑर्गनवर डॉन एअरी. पेस 1968 पासून आजवरच्या प्रत्येक अल्बमवर आहे. असा तो एकटाच.

‘मार्क दोन’, ‘मार्क आठ’ हे काय प्रकरण आहे?

माणसं बदलली की संचाचा क्रमांक बदलतो, एवढंच. पहिला संच 1968 चा. गिलन आणि ग्लोव्हर 1969 मध्ये आले तो मार्क दोन. गायक कव्हरडेल आणि बासवादक ह्यूजचा मार्क तीन, गिटारवादक टॉमी बोलिनचा मार्क चार. 1984 मध्ये मार्क दोन पुन्हा जमला. 1990 च्या अल्बमवर जो लिन टर्नर गायला तो पाच. पहिल्या संचापासूनचा गिटारवादक ब्लॅकमोर 1993 मध्ये अर्ध्या दौऱ्यातून गेल्यावर जो सॅट्रियानीने वेळ निभावली तो सहा. मोर्स आला तो सात. ऑर्गनवादक जॉन लॉर्डने 2002 मध्ये निरोप घेऊन एअरी आला तो आठ, आणि हा आठवा संच वीस वर्षं टिकला. आता नऊ.

ब्लॅकमोर नाही, लॉर्ड नाही, आता मोर्सही नाही. मग याला डीप पर्पल म्हणायचं कशाला?

रागाने विचारला जातो, पण प्रश्न खरा आहे. आधी हिशोब बघा. ब्लॅकमोर 1968 ते 75 आणि 1984 ते 93 मिळून सोळा वर्षं होता. मोर्स अठ्ठावीस वर्षं. म्हणजे ज्याला आजही काही जण ‘नवा गिटारवाला’ म्हणतात, तोच या बँडमध्ये सगळ्यात जास्त काळ गिटार वाजवून गेला.

दुसरं, मिरजेच्या माणसाला तरी हे समजावून सांगायला नको. गायकी गुरूकडून शिष्याकडे जाते, आवाज बदलतो, चाल राहते. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं त्यांच्या शिष्यांच्या गळ्यात वेगळंच वाजलं, तरी ते किराण्याचंच. डीप पर्पलची चाल म्हणजे गिटार आणि हॅमंड ऑर्गन या दोन वाद्यांची बरोबरी. इतर रॉक बँडमध्ये ऑर्गन मागे गालिचा अंथरतो, इथे तो गिटारच्या खांद्याला खांदा लावतो. लॉर्डने आपला हॅमंड गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवायला सुरुवात केली, ती यासाठीच. ही बरोबरी नव्या अल्बमवर टिकली असेल तर तो डीप पर्पल आहे. ऐकताना आमची पहिली कसोटी तीच.

माणूस बदलल्यावरचा पहिला अल्बम हमखास कच्चा असतो ना?

या बँडपुरतं पाहिलं तर महत्त्वाचं ठरतं ते हे: नवा माणूस आधी स्टेजवर मुरला की थेट स्टुडिओत उतरला?

गिलन आणि ग्लोव्हर 1969 च्या उन्हाळ्यात आले. पुढचं वर्षभर गावोगाव कार्यक्रम करत करत त्यांनी ‘इन रॉक’ रेकॉर्ड केला, तो जून 1970 मध्ये आला आणि बँडचं नशीब फिरलं. मोर्स 1994 च्या अखेरीस आला, बरेच कार्यक्रम झाले आणि ‘पर्पेंडिक्युलर’ 1996 मध्ये. तोही भरघोस. उलट बोलिन 1975 मध्ये आला तो सरळ रेकॉर्डिंगला. अल्बम चांगला झाला, पण स्टेजवर तो संच जमलाच नाही आणि वर्षभरात बँड बंद पडला. मात्र याला नियम समजू नका. ‘बर्न’ च्या वेळी कव्हरडेल आणि ह्यूजही आधी स्टुडिओत आणि मग स्टेजवर गेले, तरी तो अल्बम आजही खणखणीत वाजतो.

मॅकब्राइड दोन वर्षं स्टेजवर मुरला आहे. शिवाय मोर्सबरोबरचा शेवटचा ‘टर्निंग टु क्राइम’ दुसऱ्यांच्या गाण्यांचा होता. स्वतःची नवी गाणी 2020 च्या ‘व्हूश!’ नंतर पहिल्यांदाच येतायत. निर्माता 2013 पासूनचाच, बॉब एझरिन, त्यामुळे ध्वनीची घडण एकदम अनोळखी असणार नाही. आम्ही आशेने वाट पाहतोय आणि ते लपवत नाही.

मोर्स आणि मॅकब्राइडच्या वाजवण्यात फरक काय? मला तर दोन्ही गिटारच वाटतात.

मोर्सचा हात म्हणजे अखंड धागा. पिक खाली-वर, खाली-वर, एकही स्वर न गाळता. लांबलचक तान, मध्येच घंटेसारखे हार्मोनिक्स, कधी व्हॉल्यूमची कळ फिरवून व्हायोलिनसारखा फुगवलेला सूर. मॅकब्राइड ब्लूजच्या मुशीतला. स्वर कमी, तार ओढून सूर वर नेणं जास्त, आणि दोन वाक्यांच्या मध्ये श्वास. एप्रिलच्या अखेरीस आलेलं पहिलं गाणं ऐका. रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीत, गिटार जड आणि आखूड बोलते, तिथेच ऑर्गनला जागा मिळते.

स्वराचा पोत ऐकायचा असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली एक गोष्ट उपयोगी पडेल. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला यंदाच भौगोलिक मानांकन मिळालं.) कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसने अगदी हलकेच घासतो, मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवतो. केसभर पुढे, केसभर मागे. एका ठिकाणी तार नुसती ‘टण्’ वाजते. धागा जरा सरकला की त्याच तारेतून झणकार उमलतो, वरचे सगळे स्वर उघडतात. तार तीच, सूर तोच, जवारी बदलली. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हेच काम ॲम्प्लिफायरचा गेन आणि गिटारवरची व्हॉल्यूमची कळ करते. कळ दहावर असली की आवाज चरचरीत आणि भरलेला, सहा-सातवर आणली की स्वच्छ. एकाच सोलोमध्ये वादक ती करंगळीने फिरवत असतो. ‘जवारी’ कुठे उघडली, कुठे बंद झाली एवढंच ऐका. दोन गिटारवाल्यांतला फरक आपोआप कळायला लागेल.

गिलनचं वय 78. आवाज उरलाय का?

1972 ची किंकाळी शोधू नका. ती ज्या गाण्यात सगळ्यात उंच जाते ते गाणं त्याने स्टेजवर म्हणणं कधीच सोडलं आहे. आता तो मधल्या पट्टीत, बोलण्याच्या अंगाने गातो आणि शब्द फार नेमके टाकतो. शब्दांचे कागद समोर ठेवून ऐका.

जुन्या आणि नव्या अल्बमची तुलना प्रामाणिकपणे कशी करायची?

सगळ्यात मोठी चूक आवाजाच्या पातळीची. आजचे अल्बम 1970 च्या दशकातल्या अल्बमांच्या सुरुवातीच्या सीडींपेक्षा मोठ्याने मास्टर केलेले, म्हणजे मोठ्या पातळीवर अंतिम रूप दिलेले असतात, आणि थोडा मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो. एखाद-दोन डेसिबलचा फरक आपल्याला मोठा म्हणून जाणवत नाही, जास्त दमदार म्हणून जाणवतो. दहा मिनिटांनी मात्र कान थकतो आणि तोच अल्बम ‘कर्कश’ ठरतो. म्हणजे एकाच चुकीमुळे आधी फुकटचं कौतुक, मग फुकटची शिवी.

उपाय सोपा आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करण्याची सोय असते, ती तुलनेपुरती चालू ठेवा. सीडीवर ऐकत असाल तर मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप बसायच्या जागी ठेवा, दोन्ही गाण्यांचा भरलेला भाग वाजवा आणि सरासरी आकडा एक डेसिबलच्या आत येईपर्यंत कळ फिरवा. मोबाइलचा आकडा खरा नसला तरी चालेल, दोन्ही वेळा मोबाइल आणि जागा तीच हवी. ॲम्प्लिफायरवरचा बास वाढवणारा खटका बंद करा, नाहीतर ग्लोव्हरची बास आणि पेसचा पायातला ड्रम एकमेकांत लगदा होतात.

आणि तुलना ‘मशीन हेड’ शी करू नका. ‘व्हूश!’ शी करा. तेच चौघे, तोच निर्माता, फक्त गिटार वेगळी.

एलपी घेऊ की सीडी?

पहिल्यांदाच घेत असाल तर सीडी. एलपी दोन तबकड्यांची आहे. तेरा गाणी, पन्नास मिनिटांच्या आसपास, म्हणजे एका बाजूला साधारण तेरा मिनिटं. एका तबकडीवर कोंबलं असतं तर बाजूला पंचवीस मिनिटं झाली असती, खाचा दाटीवाटीने बसल्या असत्या आणि मधल्या लेबलजवळचं गाणं फाटल्यासारखं ऐकू आलं असतं. त्यामुळे दोन तबकड्या हा नुसता दिखावा नाही. उठून चार वेळा बाजू बदलायची तयारी मात्र ठेवा.

परदेशातून मागवली तर एकूण किती पडेल?

समजा एलपी 35 युरो, टपालखर्च 25 युरो. एकूण 60. 2024 मध्ये खासगी वापरासाठी टपालाने येणाऱ्या पार्सलवर सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून कर 77 टक्क्यांच्या आसपास धरला जात होता, आणि तो टपालखर्चासकट रकमेवर. म्हणजे आणखी 46 युरो. युरो 90 रुपये धरला तर साडेनऊ हजारांच्या घरात. कधी कमी लागतो, पण हिशोब पूर्णच धरा, म्हणजे दारात पोस्टमन आल्यावर पार्सल परत पाठवायची वेळ येणार नाही. चार जणांनी मिळून मागवलं तर टपालखर्च विभागला जातो, कर नाही.

पत्त्यात पिनकोड आणि +91 सह मोबाइल नंबर लिहा. कुरियर असेल तर आधारची प्रत मागतात आणि ती दोन-तीन दिवसांत दिली नाही तर पार्सल मुंबईतच पडून राहतं. विक्रेत्याला एक विनंती आवर्जून करा: तबकड्या कव्हरच्या बाहेर काढून, मागे वेगळ्या ठेवून पॅक करा. आत ठेवल्या तर पार्सल आपटलं की तबकडी आतून कव्हरची शिवण चिरते.

पार्सल आल्यावर लगेच लावू?

नको. पावसाळ्यात पार्सल दमट असतं. उघडून दोन-तीन तास खोलीत राहू द्या. मग तबकडी डोळ्यासमोर आडवी धरून कडेने पाहा. हलका बाक असेल तर सुई तो पेलते, कड लाटेसारखी दिसत असेल तर फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला कळवा. नव्या तबकडीवरही कागदाचा भुगा असतो, तो कार्बन फायबरच्या ब्रशने काढा.

आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. त्यावर चालेल?

आधी सुई तपासल्याशिवाय अजिबात नाही. जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुतेक क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) असतं, ते पाच-सहा ग्रॅमच्या वजनाने खाचेवर दाबतं. आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात. जुन्यात 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांसाठीची जाड सुईही असते आणि ती या तबकडीवर एकदाच फिरली तरी खाच कायमची खरवडते. सुई तोलायचा छोटा काटा मिळतो, तो घ्या. कार्ट्रिजच्या कागदावर जो पल्ला दिला असेल त्याच्या मधोमध वजन ठेवा. फार हलकं ठेवलं तर ‘स’ आणि ‘श’ फुटतात, सुई उडते, आणि उडणारी सुई जड सुईइतकंच नुकसान करते.

स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ येतंय.

तीन जागा बघा. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर फोनो प्रीॲम्पच्या (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पेटीच्या) स्क्रूला लावली आहे का? प्रीॲम्प दोनदा तर लागला नाही ना, टर्नटेबलमधलाही चालू आणि ॲम्प्लिफायरमधलाही? आणि घर इन्व्हर्टरवर चाललंय का? स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो, तिने ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. वीज आल्यावर गुणगुण थांबली तर दोष तोच. जुलैत आपल्याकडे वीज जातेच, तेव्हा पहिलं ऐकणं इन्व्हर्टरवर करू नका.

एलपी कुठे ठेवायच्या?

उभ्या, सरळ, कधीही आडव्या थप्पीत नाही. आणि सांगलीत घर नदीकाठच्या भागात असेल तर तळमजल्यावर नाहीच. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी 35 फुटांवर आलं की खोकी वर न्या. 40 ची वाट बघितली तर तेव्हा गॅस सिलिंडर आणि माणसं हलवायची घाई असते. पुरात भिजलेली तबकडी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन बऱ्याचदा वाचते, कव्हर मात्र वाचत नाही. म्हणून कव्हरला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घाला, पीव्हीसीची नको. तिच्यामुळे उकाड्यात तबकडीवर धुरकट थर येतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला, नाहीतर श्रावणात कव्हरवर बुरशीचे ठिपके येतात.

मोबाइल आणि ब्लूटूथवर ऐकलं तर?

ऐका, पण पहिल्यांदा तरी वायरच्या हेडफोनवर. 320 केबीपीएसला पूर्ण अल्बम साधारण 125 एमबी होतो, लॉसलेस (काहीही न गाळलेला) 350 च्या आसपास. गुरुवारी मध्यरात्री ऐनवेळी नेट रेंगाळतं, म्हणून आधी डाउनलोड करून मग ऐका. गाण्यांचा क्रम विस्कटणारा शफल बंद आहे ना, ते तेवढं बघून घ्या.

मित्रांना बोलावून एकत्र ऐकायचंय.

गुरुवारची मध्यरात्र हेडफोनची. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, आणि शेजाऱ्यांच्या घरात लहान मूल असतंच. रविवारी 21 ला गुरुपौर्णिमा आहे, सुट्टीही आहे, ती दुपार योग्य. स्पीकर भिंतीपासून किमान एक-दीड फूट पुढे ओढा, कोपऱ्यात ठेवले तर बास फुगतो. सहा-सात माणसं बस्स. पहिल्यांदा कुणी बोलायचं नाही, दुसऱ्यांदा शब्दांचे कागद घेऊन, आणि मत तिसऱ्यांदा ऐकल्यावर.

आधी कोणते अल्बम ऐकून ठेवू?

वेळ एकाच संध्याकाळचा असेल तर तीन: ‘इन रॉक’, ‘पर्पेंडिक्युलर’, ‘व्हूश!’. दोन गिटारवादकांचं काम कळायला हा क्रम हवा असं वाटेल, पण तिन्हीकडे गिटारवर नाही, ऑर्गनवर कान ठेवा. पहिल्या दोन अल्बमवर लॉर्ड आहे, तिसऱ्यावर एअरी.

भारतात येणार का?

जाहीर झालेल्या टप्प्यांत ऑगस्टपासून येस या बँडसोबत अमेरिका आणि नंतर युरोप आहे. कधी मुंबईची तारीख लागलीच तर तिकिटाआधी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरक्षण बघा. मिरज, सांगली, कराड, सातारा करत ती रात्रीतून पोचवते, आणि तिची स्लीपरची जागा रॉकच्या तिकिटाआधी संपते.